बेळगावातून कुठल्या रुळावर पैसा घालावा?

खानापूरच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव-धारवाड व्हाया कित्तूर, कोल्हापूर-बेळगाव व्हाया निपाणी, बेळगाव-सावंतवाडी, बागलकोट-कुडची, शिवाय वंदे भारत, इतक्या मागण्या एकाच वेळी चालू आहेत. यातल्या कुठल्या मार्गाला खरंच पैसा मिळायला हवा आणि ते ठरवायचं कसं? आणि पुढे एक वाक्य आहे, "आमच्या खानापूरला यातून काय मिळणार ते पण सांगा की." या शेवटच्या वाक्याचं उत्तर सगळ्यात अवघड आहे, म्हणून ते शेवटी.

रेल्वेच्या वाहतूक नियोजनात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातली बरीच मिरज-लोंढा पट्ट्याच्या कागदांवर. त्यामुळे मी तटस्थ आहे असा आव आणत नाही. या मार्गावरचं प्रत्येक स्टेशन मला तोंडपाठ आहे आणि ओळखीच्या माणसाचे दोष जसे आपण पोटात घालतो, तसं या मार्गाबाबत माझं कधीकधी होतं.

लोक नकाशा समोर ठेवून रेघ मारतात. निपाणीला रेल्वे नाही, संकेश्वरला नाही, सौंदत्तीला नाही, मग मारा रेघ. ही पद्धत चूक. आधी पाहायचं ते हे की आज माणसं कुठून कुठे, कशाने आणि कोणत्या वेळी जातात.

अंदाजासाठी एक साधं गणित आहे. दोन शहरांच्या लोकसंख्येचा गुणाकार करायचा आणि त्याला अंतराच्या वर्गाने भागायचं. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहर सुमारे ४.९ लाख, हुबळी-धारवाड ९.४ लाख, कोल्हापूर ५.५ लाख, पुणे शहर ३१ लाख, बंगळूर ८४ लाख. रस्त्याने हुबळी साधारण ९५ किलोमीटर, कोल्हापूर ११०, पुणे ३४०, बंगळूर ५०० धरा. आता बेळगाव-पुणे या जोडीला १ गुण दिला, तर हुबळी-धारवाडला जवळपास ४, कोल्हापूरला पावणेदोनच्या आत-बाहेर आणि बंगळूरला सव्वा येतो. कागदाच्या तुकड्यावर पाच मिनिटांत होणारं काम आहे, कुणीही करून बघावं.

आपल्यातल्या अनेकांना हे आकडे आवडणार नाहीत. मन कोल्हापूर-पुण्याकडे ओढतं आणि गणित पहिलं बोट हुबळीकडे दाखवतं. पण हे गणित आंधळं आहे, हेही लक्षात घ्या. बेळगावातल्या मराठी घरांच्या सोयरिकी कोल्हापूर-सांगलीकडे आहेत, उगार-शेडबाळचा माणूस दुखणं वाढलं की मिरजेला पळतो, शिकलेली पोरं पुण्यात आहेत, हे त्याला ठाऊक नसतं. तसंच कोर्टाचं काम म्हटलं की पावलं धारवाडच्या खंडपीठाकडे वळतात आणि मंत्रालयातलं काम म्हटलं की बंगळुराकडे, हेही ते सांगत नाही. राज्याची सीमा काही प्रवास तोडते, काही वाढवते. म्हणून गणितानंतर मोजणी हवीच.

मोजणीवरून एक जुनी गोष्ट आठवली. एका सल्लागार कंपनीने या भागातल्या प्रवाशांची पाहणी केली होती आणि तो कागद माझ्याकडे तपासायला आला. पुण्याकडून बेळगावकडे येणाऱ्यांचा आकडा पाहून मी चमकलो. तारखा बघितल्या तर मोजणी गणेश चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांतली! त्या दोन दिवसांत पुण्याहून निघालेल्या ट्रॅव्हल्समध्ये टपावर जागा मिळाली तरी लोक बसतील. त्यावर वर्षभराचा अंदाज बांधला होता. मी शेरा मारून कागद परत पाठवला, ते नाराज झाले. तेव्हापासून पाहणीचा अहवाल हातात आला की आधी मोजणीची तारीख आणि वार शोधायची सवय लागली.

मोजणीनंतरची दुसरी कसोटी म्हणजे वळसा. रेल्वेचं अंतर भागिले रस्त्याचं अंतर. पुणे-बेळगाव रेल्वेने साधारण ४१७ किलोमीटर, म्हणजे रस्त्याच्या सव्वापटीच्या आत. हे चालतं. बेळगाव-धारवाड आज लोंढ्यावरून १२१ किलोमीटर, रस्त्याच्या सुमारे दीडपट. आणि कोल्हापूर-बेळगाव मिरजेवरून १८५ च्या आसपास, रस्त्याच्या पावणेदोनपट. एवढ्या वळशाला वेगवान गाडीसुद्धा फारशी पुरी पडत नाही. ताशी सरासरी ६० ने निघालं तरी तीन तास. मध्यवर्ती बसस्थानकावरून सुटलेली एसटी त्याआधी कोल्हापूरला पोचवते, आणि पाठोपाठ दुसरी असतेच. म्हणून 'बेळगाव-कोल्हापूर थेट रेल्वे द्या, मिरजमार्गेच द्या' ही मागणी मला नेहमी थोडी भाबडी वाटते.

मग मिरज मार्ग बिनकामाचा का? अजिबात नाही. त्याचं गिऱ्हाईक वेगळं आहे. एका मंगळवारी सकाळी मी रायबागहून मिरजेकडे पॅसेंजरने गेलो. समोरच्या बाकावर उगारला चढलेल्या एक आजी होत्या, मांडीवर एक्स-रेचा मोठा पिवळा लिफाफा, तो दुमडू नये म्हणून दोन्ही हातांनी आडवा धरलेला. बरोबर नातू. खिडकीशी कुडचीचे दोन व्यापारी सांगलीच्या बाजारातल्या हळदीच्या भावावर वाद घालत होते. दाराशी कॉलेजची पोरं. यातला एकही माणूस बेळगावचा नव्हता की कोल्हापूरला जाणारा नव्हता. घटप्रभा, चिकोडी रोड, रायबाग, चिंचली, कुडची, उगार, शेडबाळ ही नावं वंदे भारतच्या जाहिरातीत येत नाहीत, पण या ओळीचा पोटाचा धंदा तिथे आहे. मायाक्काच्या यात्रेला चिंचलीत महाराष्ट्रातून किती लोक उतरतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. इथे रेल्वेला वळसा नाही, उलट रस्त्यालाच वळसे आहेत. सकाळी आठच्या आत मिरज गाठणारी आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला परत फिरणारी मेमू, म्हणजे छोट्या पल्ल्याची विजेवरची लोकल, तीही रोज आणि वेळेवर, एवढं मिळालं तरी या पट्ट्याचं काम होतं.

"रोज आणि वेळेवर" म्हणालो, तिथेच घोडं अडतं. पुणे-हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, आठवड्यातून तीन दिवस. तोच रेक, म्हणजे डब्यांचा संच, उरलेले तीन दिवस पुणे-कोल्हापूरला धावायचा. सुरुवातीचं वेळापत्रक बघा. पहाटे ५ ला हुबळी सोडून दुपारी दीडला पुणे, आणि सव्वादोनला परतीला. बेळगावच्या माणसाला पुण्यात काम करायला मिळतात पाऊण तास, तेही स्टेशनातच. म्हणजे मुक्काम आलाच, आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी असेल की नाही हे वार बघून ठरवायचं. दोष गाडीचा नाही, ती उत्तम आहे. एकच रेक आणि दोन मार्ग, त्यामुळे वेळापत्रक प्रवाशाच्या सोयीने न बनता रेकच्या सोयीने बनलं. मला विचाराल तर मार्गाची पारख एका प्रश्नाने होते: गाडी चुकली तर पुढची कधी? उत्तर 'परवा' असेल तर तो अजून कॉरिडॉर झालेला नाही.

१० ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेली बेळगाव-बंगळूर वंदे भारत याबाबतीत बरी. पहाटे निघून दुपारी बंगळूर, साधारण साडेआठ तास. पण तिथेही स्पर्धा रात्रीच्या गाडीशी आणि स्लीपर बसशी आहे. सहाशे किलोमीटरच्या पुढे दिवसाची गाडी प्रवाशाचा आख्खा दिवस खाते. रात्री झोपून सकाळी पोचणं हाच तिथला शहाणपणा, आणि ते काम राणी चन्नम्मा एक्सप्रेस वर्षानुवर्षं करते आहे. दिवसाच्या गाडीची खरी सत्ता दीडशे ते चार-साडेचारशे किलोमीटरच्या टप्प्यात असते. पुणे-बेळगाव नेमकं त्यात बसतं.

आता क्षमतेबद्दल, कारण इथे लोक सर्वात जास्त फसतात. एकेरी मार्गावर दिवसाला किती गाड्या बसतात याचं एक जुनं सूत्र आहे, स्कॉटचं. सर्वात कठीण ब्लॉक सेक्शन, म्हणजे एका वेळी एकच गाडी जाऊ शकते असा दोन स्टेशनांमधला तुकडा, पार करायला सर्वात हळू गाडीला लागणारी मिनिटं घ्यायची, त्यात गाडी सोडण्याआधी दोन्ही स्टेशनमास्तरांत होणाऱ्या देवाणघेवाणीची मिनिटं मिळवायची, दिवसाच्या १४४० मिनिटांना त्या बेरजेने भागायचं आणि उत्तराचे सत्तर टक्के धरायचे. समजा १८ मिनिटं आणि ५ मिनिटं, बेरीज २३. उत्तर येतं ६२, त्याचे सत्तर टक्के ४३. दोन्ही दिशा मिळून त्रेचाळीस गाड्या, मालगाड्या धरून. त्यातून एक लांब पल्ल्याची गाडी वाढवा, दोन पॅसेंजर कुठेतरी लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, जाऊन बसतात. दुहेरीकरणाआधी पाच्छापूरला, सुळेभावीला क्रॉसिंगसाठी पाऊण-पाऊण तास काढलेले लोक अजून आहेत. मी स्वतः सुळेभावीला गाडीतून उतरून शेताच्या बांधावर जाऊन, शेंगा विकत घेऊन, निवांत परत येऊन गाडीत बसलोय. गाडी हलली नव्हती.

म्हणून माझ्या हिशेबात या भागात आजवर झालेला सर्वात शहाणा खर्च म्हणजे दुहेरीकरण. पुणे-मिरज-लोंढा ४६७ किलोमीटरच्या प्रकल्पातला लोंढा-बेळगाव-घटप्रभा हा तुकडा, सुमारे ९३० कोटींचा, २७ फेब्रुवारी २०२३ ला अर्पण झाला. त्याच दिवशी बेळगाव स्टेशनच्या सुमारे १९० कोटींच्या नव्या इमारतीचंही उद्घाटन झालं. फोटो सगळे इमारतीचे निघाले. साहजिक आहे, दुसऱ्या रुळाचा फोटो काय काढणार? पण प्रवाशाचा वेळ दुसरा रूळ वाचवतो, दर्शनी भाग नाही.

पुढचा पैसाही याच पुणे-मिरज-बेळगाव मार्गावर आधी घालावा, हे माझं पहिलं आणि ठाम उत्तर. बेळगावच्या माणसाचा पुण्याचा वेळ बेळगावात जात नाही, तो पुणे आणि साताऱ्याच्या मधल्या घाटवळणांत जातो, शिंदवणे-आदर्कीच्या पट्ट्यात. शिवाय मिरजेला झोन बदलतो: पुण्याच्या बाजूला मध्य रेल्वे, बेळगावच्या बाजूला दक्षिण पश्चिम. उशिरा आलेली गाडी एकाने दुसऱ्याच्या पदरात टाकायची आणि दोघांनीही आपला हिशेब स्वच्छ दाखवायचा, हा खेळ मी आतून पाहिलेला आहे. वळणं सरळ करणं, फाटकं काढून पूल बांधणं, सिग्नल सुधारणं, दोन जादा रेक घेणं, यातल्या एकाही कामाला नारळ फोडण्याची हौस कुणाला नसते. पण आज ६५ च्या आसपास असलेली सरासरी ८० वर नेली तर बेळगाव-पुणे सव्वापाच तासांत येतं. मग खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांना खरी चिंता. फाटकांचं म्हणाल तर टिळकवाडीकरांना सांगायला नको. 'पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट' ही पत्त्याची खूण होऊन बसली, इतकी वर्षं तिथे गेली.

दुसरा क्रमांक बेळगाव-कित्तूर-धारवाड. ७३ किलोमीटर, अंदाजे ९२७ कोटी, निम्मा खर्च आणि जमीन राज्याची. सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना या मार्गाने जोर धरला. अनेकांना वाटतं हा फक्त दोन शहरांचा मार्ग. तसं नाही. लोंढ्याचा वळसा जाऊन ४८ किलोमीटर वाचतात, आणि ते मिरज-हुबळी, पुणे-हुबळी, बेळगाव-बंगळूर अशा प्रत्येक गाडीचे वाचतात. साधारण पाऊण तास, रोज, प्रत्येक गाडीमागे. हा लाभ एकाच गावाच्या खात्यावर टाकला की प्रकल्प तोट्यात दिसतो, सगळ्यांच्या खात्यावर वाटला की उभा राहतो. रेल्वे पूर्वी नव्या मार्गाला १४ टक्के परताव्याची अट लावायची. निव्वळ तिकिटाच्या उत्पन्नावर नवे प्रवासी मार्ग त्या अटीत सहसा बसत नसत. समाजाचा वाचलेला वेळ, डिझेल, अपघात हे धरल्यावरच चित्र बदलतं.

पण गर्लगुंजी, नंदिहळ्ळी, देसूर भागातल्या शेतकऱ्यांचा विरोध मी 'विकासाच्या आड येणारे' म्हणून झटकणार नाही. पिकाऊ जमीन आहे ती, भाताची आणि उसाची. नियोजनाच्या टेबलावर जमिनीची किंमत रुपयात येते, आणि दोन एकरवाल्याचे दीड एकर गेले की उरलेला अर्धा कसायच्या लायकीचा राहत नाही, हे त्या रकान्यात येत नाही. आखणी थोडी लांबली आणि खडकाळ माळावरून गेली तर चार-पाच किलोमीटर वाढतील, म्हणजे तीन-चार मिनिटं. पाऊण तासाच्या बचतीपुढे ही किंमत क्षुल्लक आहे. मी फाईलवर असतो तर तेच लिहिलं असतं.

कोल्हापूर-निपाणी-संकेश्वर-बेळगाव. इथे मन आणि बुद्धी भांडतात. पावणेदोनपट वळसा मोडणारा हा एकच मार्ग. शिवाय त्याच्या बाजूने एक असा मुद्दा आहे जो कुठल्याच अहवालात नसतो. सीमेवर तणाव वाढला, कुठे दगडफेक झाली, की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे थांबतात, आणि नोकरीवरचा, दवाखान्यातला, परीक्षेचा माणूस मधेच अडकतो. मिरजमार्गे रेल्वे मात्र तेव्हाही चालू असते. निपाणीच्या माणसाला तो पर्यायच नाही.

तरीही आज बांधायला घ्या असं मी म्हणणार नाही. महामार्गाच्या वाटेवर दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मार्कंडेय अशा पाच नद्या. २०१९ च्या पुरात निपाणीजवळ यमगर्णीला महामार्ग पाण्याखाली गेला होता. रेल्वेचे पूल त्या पातळीच्या वर आणि लांब करावे लागणार. तवंदीचा घाट बस दुसऱ्या गिअरमध्ये चढून जाते, रेल्वेला तो चढ परवडत नाही. चढ शंभराला एक ठेवायचा तर वळसा किंवा बोगदा, आणि वळसे घेत गेलो तर ११० चे १३० होऊन मूळ फायद्याचा पाव हिस्सा गेलाच. वर दोन राज्यं, दोघांचा वाटा, दोघांची जमीन, आणि त्यांच्यात सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून चाललेला सीमेचा दावा. माझा सल्ला: वेगवान मार्गासाठी नीट आखणी करून घ्यावी आणि महामार्गालगतची पट्टी आत्ताच राखून ठेवावी. कागलच्या एमआयडीसीपासून संकेश्वरापर्यंत जमिनीचे भाव दरवर्षी कुठे चाललेत ते तुम्ही पाहताच. हळू, वळणाचा, स्वस्त मार्ग बांधायचा असेल तर मात्र नकोच. त्यापेक्षा एसटी बरी.

बागलकोट-कुडची हा १४२ किलोमीटरचा मार्ग २०१०-११ मध्ये मंजूर झाला आणि रखडत चालला आहे. "एवढे पैसे घातले, आता पूर्ण करा" हा युक्तिवाद मला मान्य नाही. घातलेले पैसे विसरायचे, उरलेला खर्च किती आणि लाभ किती एवढंच बघायचं. त्या हिशेबानेही तो पूर्ण करण्याजोगा आहे, पण मुख्यतः मालासाठी, सिमेंट आणि साखरेसाठी. प्रवाशांचा फायदा जोडीला.

सावंतवाडीबद्दल फार लिहीत नाही. सह्याद्री उतरायचा, जंगल फोडायचं, आणि खाली उतरल्यावर प्रवासी किती? गोव्याकडे उतरणारा कॅसलरॉकचा घाट आहेच, ३७ ला १ चढाचा. त्याच्या दुहेरीकरणाची वन्यजीव मंजुरी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. गोव्याला जाणारा बेळगावकर चोर्ला घाटातून रस्त्याने जातो आणि जात राहील.

आता खानापूर. कित्तूर मार्ग देसूरजवळून फुटणार, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्या हळूहळू तिकडे वळतील आणि खानापूर, गुंजी, लोंढा बाजूला पडतील. हे कुणी पुढारी तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. लोंढ्याला गोव्याच्या गाड्या राहतील, खानापूरला त्यातल्या किती थांबतील याची शाश्वती नाही. पण मोकळी झालेली दुहेरी लाइन तुमच्याच दारातून जाते, आणि जलद गाड्यांची गर्दी गेली की त्यावर बेळगाव-खानापूर-लोंढा शटल दिवसातून सात-आठ वेळा सहज बसते, बेळगावला पुण्या-हुबळीच्या गाड्यांशी जोड देऊन. ती मागायची वेळ मार्ग सुरू झाल्यावरची नाही. तेव्हा पाथ, म्हणजे वेळापत्रकातल्या मोकळ्या जागा, मालगाड्यांना वाटून झालेले असतील. नव्या मार्गाच्या मंजुरीच्या अटींतच शटलचं वेळापत्रक लिहून घ्या, आणि निवेदनात "पुरेशा गाड्या" असं मोघम न घालता सकाळी ७.२०, ९.१० असे आकडे घाला. मोघम निवेदनावर "विचाराधीन" असा शेरा मारायला मला कधी अर्धं मिनिटही लागलं नाही.